इस्तू

माझ्या खोलीच्या दाराबाहेर, गच्चीच्या कोपऱ्यात, एक पत्र्याची बादली आहे. नांदेडला शिकायला आलो तेव्हा ती माझ्याबरोबर आली. खोलीवर येणारा प्रत्येक मित्र तिच्याकडे बघून विचारतो, "हे काय रे?" मी म्हणतो, "शेगडी." मग तो हसतो. घरोघरी गॅस आलेला, बटण दाबलं की पाणी तापतं, आणि हा लातूरकर अजून शेगडी बाळगून आहे!

सरांनी वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून द्यायला सांगितलं तेव्हा मीही मोठमोठे विषय मनात आणून पाहिले. ग्रामीण जीवनातले बदल, तरुणांपुढील आव्हानं, साहित्य आणि समाज.. एकही विषय चार ओळींच्या पुढं सरकेना. लिहायला बसलं की डोळ्यांपुढं बादलीच यायची. शेवटी म्हटलं, आपल्याला जे ठाऊक आहे तेच लिहावं. मला शेगडी ठाऊक आहे. वाऱ्यात आणि थंडीत इस्तू कसा राखायचा ते ठाऊक आहे. आणि तो राखताना माणूस कुठं चुकतो, हेही आता ठाऊक झालं आहे.

इस्तू हा आजीचा शब्द. पुस्तकात विस्तव असतो. आमच्या घरात इस्तू असतो. विस्तव म्हटलं की तो कुणाचाही वाटतो. इस्तू म्हटलं की आजीचा वाटतो.

ही बादली १९९३ सालची आहे. म्हणजे माझ्याहून डझनभर वर्षांनी मोठी. आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी पाहिलेली नाही. पण आमच्या घरात वाढलेल्या माणसाला ती वेगळी पाहावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. पहाटे चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांत माझे आजोबा होते आणि अण्णांची धाकटी बहीण होती. अण्णा तेव्हा तेरा वर्षांचे. मंडळाच्या पोरांबरोबर चावडीपुढं उघड्यावर झोपले होते, म्हणून राहिले. आजीला दुपारी ढिगाऱ्यातून काढलं.

लोक म्हणतात, भूकंपानं माणसं मारली. आजी म्हणते, घरानं मारली. तिचं म्हणणं खोटं नाही. आमच्याकडची जुनी घरं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ते कळेल. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, दगडाच्या, आणि दगडांना धरून ठेवायला नुसता चिखल. वर लाकडी खण, आणि त्यांच्यावर माळवद. माळवदावर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर आणखी चार पाट्या माती पडायची. बाप टाकायचा, मग मुलगा टाकायचा. पिढ्यान् पिढ्या ते ओझं वाढत होतं. पण ते घर उन्हाळ्यात गार असायचं आणि हिवाळ्यात उबदार. बाहेर पारा चाळिशीच्या वर गेला तरी आत माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. जाड मातीतून ऊन आत यायला दिवस पुरायचा नाही आणि आतली ऊब बाहेर जायला रात्र पुरायची नाही. जिनं त्यांना उन्हापासून नि थंडीपासून राखलं, तीच माती त्या पहाटे अंगावर आली.

मग पत्र्याचे शेड आले. त्या वर्षीचा हिवाळा सगळ्यांनी शेडमध्ये काढला. पत्रा दुपारी तापतो आणि सूर्य बुडाला की हां हां म्हणता गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरायचं आणि झोपलेल्या माणसांच्या तोंडावर थेंब पडायचे, असं अण्णा सांगतात. आधीच झोप नव्हती, त्यात थंडी. मदतीत जी भांडीकुंडी आली त्यांत आजीच्या वाट्याला एक पत्र्याची बादली आली होती. आजीनं त्या बादलीची शेगडी करायचं ठरवलं.

आजी गावात चुली घालण्याबद्दल प्रसिद्ध होती. तिच्या हातची चूल धूर धरत नाही, असं बाया म्हणत. ती एका सकाळी उठली, पाटी घेतली आणि आपल्याच घराच्या ढिगाऱ्यावर गेली. तिथली पांढरी माती भरून आणली. शेडमधल्या बायांच्या अंगावर काटा आला. एकजण म्हणाली, "अगं, जिनं तुझी माणसं खाल्ली तीच माती आणलीस व्हय?"

आजी म्हणाली, "मातीचा काय दोस? डोस्क्यावर होती म्हणून मारली. आता भवती ठिवते. भवती असली म्हंजे राखती."

हे वाक्य आमच्या घरात अनेकदा सांगितलं जातं. आजीला विचारलं तर ती म्हणते, "मी न्हाई बाबा असं काय म्हणलेलं." पण अण्णांनी ते आपल्या कानांनी ऐकलं आहे.

शेगडी कशी केली तेही अण्णा तितक्याच बारकाईनं सांगतात. मातीतले खडे वेचून ती दोन दिवस भिजत घातली. त्यात गव्हाचा भुसा, थोडं शेण आणि चाळलेली राख घालून पायानं तुडवली. शेतातली काळी माती जवळ होती, ती का घेतली नाही, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, "काळी वाळली की उलती. शेतात बघत न्हाईस का, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडत्यात?" बादलीच्या खालच्या अंगाला छिन्नीनं चार बोटांचं दार पाडलं. आतून तळाला चार बोटं आणि बाजूंना तीन बोटं जाडीचं अस्तर लावलं. मध्ये जाळी म्हणून ढिगाऱ्यातल्या खिडकीचे गज तोडून बसवले. वर भांडं टेकायला तीन उंचवटे केले. मग आठ दिवस सावलीत वाळवली. उन्हात वाळवली असती तर वरून सुकून आतून ओली राहिली असती आणि तडकली असती. पहिला जाळ नुसत्या चार काटक्यांचा. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा. कोळसा तिसऱ्या दिवशी.

शाळेत विज्ञानाच्या सरांनी उष्णतेच्या वहनाचा धडा शिकवला तेव्हा मला या शेगडीचं मर्म कळलं. आतल्या अंगाचा भुसा जळून जातो आणि मातीत बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत हवा अडकते. अडकलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. गोधडीत ऊब राहते तीही थरांत अडकलेल्या हवेमुळेच. मी मोठ्या उत्साहानं आजीला हे सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग भुसा कशाला घातला वाटलं तुला? शोभेला?"

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. त्या पहाटेपासून आजीनं झोपताना दाराला कधी कडी घातली नाही. दार लोटायचं आणि फटीत विटेचा तुकडा ठेवायचा. शेडमध्ये असताना ठेवला, पुनर्वसनाच्या घरात ठेवला, पुढं अण्णा लातूरला आले तेव्हा लातूरच्या घरातही ठेवला. हिवाळ्यात त्या फटीतून असा वारा यायचा की आम्ही भावंडं कुरकुरायचो. आई म्हणायची, "आत्याबाई, शहर आहे, चोर येतील." आजीचं उत्तर ठरलेलं. "चोर काय नेतील? दार अडकलं तर मी काय करू?" त्या पहाटे घराच्या चौकटी दबल्या आणि दारं उघडेनात, हे तिनं पाहिलं होतं. आम्ही मात्र तिला हसायचो. आजीचं हे वेडच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

अण्णांचा लातूरला बसस्थानकाच्या बाजूला गाडा आहे. पावसाळ्यात मक्याची कणसं, हिवाळ्यात भाजलेल्या शेंगा आणि रताळी. माझ्या फीचे पैसे त्या गाड्यावरून येतात, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. गाड्यावर भोकं पाडलेलं घमेलं आणि त्यात वेड्या बाभळीचा कोळसा. घमेल्याला ना अस्तर, ना आडोसा. आणि तो चौक असा की चारी बाजूंनी वारा. वारा इस्तूची दोन प्रकारे नासाडी करतो. एक तर ज्या अंगानं येतो त्या अंगाचा कोळसा भराभर जाळून टाकतो. आणि दुसरं म्हणजे जी ऊब निर्माण होते ती उचलून घेऊन जातो. कणीस एका बाजूनं करपायचं, दुसऱ्या बाजूनं कच्चं. गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. संध्याकाळी अण्णा पोत्यात हात घालून उरलेला कोळसा चाचपायचे आणि गप्प बसायचे. कोळशाचं पोतं आणि माझी फी यांचा काहीतरी संबंध आहे, हे मला त्या गप्प बसण्यातून कळायचं.

अण्णांनी आधी घमेल्याला चिकटून पत्रा लावला. पत्रा लाल व्हायचा, हात भाजायचे, आणि ऊब पत्र्यातून बाहेर जायची ती जायचीच. मी तेव्हा अकरावीत होतो. नुकतंच डोकं चालायला लागलेल्या पोराला जसं सगळं येतं तसं मलाही येत होतं. मी एक जुनं पिंप अर्ध्यावर कापून आणलं, त्यात घमेलं बसवलं आणि मधल्या पोकळीत राख ठासून भरली. राखेसारखं पांघरूण नाही. ती जळत नाही, तिच्यात हवा भरपूर, आणि फुकट मिळते! आजीची शेगडी मातीची, माझी राखेची. मी खूश होतो. इस्तू पेटवला. पंधरा मिनिटांत तो काळा पडू लागला. फुंकून फुंकून माझे गाल दुखले. धूर कोंडला. चार गिऱ्हाइकं उभी होती ती निघून गेली.

आजी गाड्याच्या मागं पोत्यावर बसून शेंगा निवडत होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "काय करलालास रे?"

"राख भरलीय चारी बाजूंनी. ऊब बाहेर जाणार नाही."

"आन् वारं कुठून आत जाईल?"

मी बघितलं. घमेल्याच्या खालची सगळी भोकं मी राखेनं बुजवून टाकली होती.

"लेकरा," आजी म्हणाली, "इस्तूला वाकळ घाल, पण नाक झाकू नको."

दुसऱ्या दिवशी मी सगळं पुन्हा केलं. पिंपाच्या बुडाशी भोक पाडून नळाचा एक तुकडा राखेतून आरपार घमेल्याच्या खालपर्यंत नेला आणि त्याचं तोंड वाऱ्याच्या उलट्या दिशेला ठेवलं. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा केला, पण घमेल्याला चिकटून नव्हे, हातभर दूर. कोळसा जास्त पेटला की नळाच्या तोंडाशी अर्धी वीट सरकवायची. मंद झाला की वीट बाजूला घ्यायची. तेव्हा मला कळलं की वारा अडवणं हे एक काम आहे, ऊब राखणं हे दुसरं, आणि श्वास चालू ठेवणं हे तिसरं. पहिली दोन कामं उत्साही माणूस करतो. तिसरं तो विसरतो. पाच दिवस पुरणारं पोतं त्यानंतर सात दिवस पुरू लागलं. अण्णांनी मला शाबासकी दिली नाही. एक दिवस नुसतं म्हणाले, "तुझं नांदेडचं बघू आता."

तसं पाहिलं तर या सगळ्यात नवीन काही नाही. आपल्याकडं वेळ अमावस्येला सगळे शेतावर जातात, कडब्याची कोप करतात, भज्जी नि आंबील खातात. त्यानंतर जानेवारीत मामाच्या शेतात हुरड्याची आगटी पेटते. आगटी म्हणजे काय? जमिनीतला वीतभर खोल खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवून त्यांचा निखारा करायचा आणि त्या फुफाट्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. वारा वरून निघून जातो, खड्ड्यातल्या इस्तूला शिवत नाही. भोवती सगळं रानच मातीचं अस्तर होऊन बसलेलं! आणि माणसंही धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून वाऱ्याकडं पाठ करून बसतात. म्हणजे त्यांच्या पाठींचा आडोसा आपोआप होतो. कुणी कुणाला हे शिकवलेलं नसतं. गुळभेंडीचा गरम हुरडा तळहातावर चोळून जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकताना कुणी त्याचा विचारही करत नाही.

ग्रंथालयात बसून मी या विषयावर थोडं वाचलं तेव्हा आणखी गंमत वाटली. काश्मीरमध्ये थंडीत माणसं मातीच्या भांड्यातला निखारा वेताच्या विणीत घालून फेरनच्या आत बाळगतात, ती कांगडी. थायलंडमध्ये बादलीच्या आकाराची, आतून मातीची शेगडी पूर्वीपासून होती. तिच्यावरून १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या केनिया देशात बाहेरून पत्रा आणि आतून भाजलेल्या मातीचं अस्तर अशी शेगडी तयार झाली. तिला तिथं जिको म्हणतात. नुसत्या पत्र्याच्या शेगडीपेक्षा तिला कोळसा बराच कमी लागतो, म्हणून ती घरोघरी पसरली. आजीनं शेडच्या दाराशी बसून जी बादली घडवली तिची सख्खी बहीण नैरोबीत नांदत होती आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता! अमेरिकेत लोक कोळशाच्या मंद धगीवर, धुरावर, दहा-दहा तास मांस शिजवतात. त्यासाठी त्यांच्याकडं लोखंडी पिंपं असतात. बाहेर बर्फ आणि वारा असला की ते त्या पिंपाला वेल्डिंगवाल्यांचं न जळणारं कापड गुंडाळतात. एका मित्राच्या मोबाईलवर मी ते पाहिलं. पिंपाला चक्क वाकळ घातलेली, पण वरचं धुराडं आणि खालची हवेची झडप उघडी! मला आजी आठवली. भाषा वेगळी, देश वेगळा, पण इस्तूचं नाक त्यांनीही झाकलं नव्हतं.

हे सगळं ज्याला ठाऊक होतं, त्यानं पुढं काय केलं ते आता सांगतो.

नांदेडला निघालो तेव्हा आजीनं आपली बादली माझ्या हातात दिली. "थंडीत पाणी तापवायला हुईल," म्हणाली. ती बादली तिनं त्याआधी कुणालाही हात लावू दिली नव्हती. मला खोली मिळाली ती एका घराच्या गच्चीवरची. विटांच्या भिंती आणि वर पत्रे. मी आणि माझा एक मित्र. तो हदगावकडचा, इतिहासाचा विद्यार्थी, अत्यंत हुशार. पाठांतर असं की तहांची कलमं क्रमानं म्हणून दाखवायचा.

पहिल्याच वर्षी जानेवारीत थंडीची लाट आली. पेपरात आठ अंशांची बातमी होती. गोदावरीकडून येणारा वारा पत्र्यांच्या फटींतून शिट्ट्या घालत आत यायचा. परीक्षा जवळ आलेल्या. दोघांच्या दोन गोधड्या पुरेनात. तेव्हा माझं डोकं पुन्हा चालू लागलं. मी म्हटलं, शेगडी आत घेऊ. कोळसा चांगला फुलून धूर निघून गेला की आत घ्यायची. धूर नाही म्हणजे काळजी नाही. मग मी खोलीची व्यवस्था लावली. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या जागेत चिंध्या भरल्या. दाराला कडी घातली आणि खालच्या फटीला गोणपाट लावलं. इस्तू रात्रभर पुरावा म्हणून निखाऱ्यांवर राख पसरली आणि बादलीच्या दारात अर्धी वीट सरकवली. कसलं सुरेख काम केलं होतं मी! खोली तासाभरात इतकी उबदार झाली की मित्र म्हणाला, "आता घरी असल्यासारखं वाटतंय."

आम्ही वाचत पडलो. माझं डोकं जड झालं. मला वाटलं, वाचनाचा शीण. मित्र म्हणाला, मळमळतंय. मला वाटलं, खानावळीचं जेवण. झोप अशी गोड येत होती की तशी कधी आली नव्हती. मध्येच केव्हातरी मोठा आवाज झाला. मित्र उलटीसाठी उठला होता आणि दारापाशी पोचायच्या आत कोसळला होता. मी उठायला गेलो तर पायांत जोर नाही. काय होतंय ते कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच की दार बंद आहे. का कुणास ठाऊक, त्या क्षणी मला आजीचा विटेचा तुकडा दिसला. मी सरपटत गेलो. कडी वर होती. भिंतीला धरून उभा राहिलो, कडी काढली, आणि मित्राच्या अंगावरूनच दार ओढलं.

ज्या वाऱ्याला आम्ही दिवसभर शिव्या दिल्या होत्या तो आत आला.

आम्हांला घरमालकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तोंडाला प्राणवायू लावला. मी सकाळपर्यंत ताळ्यावर आलो. मित्राला दुपार झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कोळसा जळताना पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीनं चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो आणि आतून गुदमरत असतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून काहीजण उठत नाहीत. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. मी त्या वाचल्याही होत्या. पण बातम्यांतली माणसं आपण नसतो, असं आपल्याला वाटत असतं. मी तर राख घालून, वीट सरकवून, इस्तूची हवा आणखी तोडली होती. आधी इस्तूचं नाक झाकलं, आणि मग आमचं.

मित्राचे वडील आले. शेतकरी माणूस. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मला वाटलं, बोलतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू दार उघडलंस म्हणून हाय आज त्यो." ते बोलले नसते, मारलं असतं, तर बरं झालं असतं. दार लावलं कुणी होतं? पुढं महिनाभर मित्राला वाचलेलं लक्षात राहत नव्हतं. तहांची कलमं म्हणायला बसायचा आणि चौथ्या-पाचव्यावर अडखळायचा. तसा तो अडखळला की मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जात असे. हळूहळू तो बरा झाला. परीक्षेत पासही झाला. पण त्याला जे गुण पडायला हवे होते ते पडले नाहीत, आणि ते का पडले नाहीत हे आम्हां दोघांना ठाऊक आहे. तो त्याविषयी बोलत नाही. मी आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि हे लिहायला त्याची परवानगी घेतली आहे.

मी बादली घेऊन लातूरला गेलो. ती परत न्यायचीच नाही असं ठरवलं होतं. घरी अण्णांनी आजीला काही सांगितलं नव्हतं, पण आजीला न सांगता काही लपत नाही. तिनं मला जेवू घातलं. मग अंगणात बोलावलं. मला वाटलं, आता ही बादली फोडून टाकील. ती बादलीचं अस्तर बोटांनी चाचपत होती. एका जागी तडा गेला होता.

"दाराला कडी घातलीस?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दिशी आमचंबी दार लागलेलं हुतं. तुझ्या आजोबांनी उघडाया किती जोर लावला. मी आतून ऐकलालते."

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. अण्णांनाही सांगितलं नसावं. मी खाली मान घालून बसून राहिलो. आजी उठली, कुंडीशेजारी ठेवलेली पांढरी माती घेऊन आली, ती पाण्यात कालवली, चिमूटभर भुसा टाकला आणि तडा लिंपायला लागली. मी म्हटलं, "आजी, आता नको ती शेगडी."

"का? इस्तूचा काय दोस?" ती म्हणाली. "भाईर ठिव. पाणी तापीव. हात शेक. आन् थंडी वाजली तर अंगावर वाकळ घे. ऊब अंगाला असावी, खोलीला नसली तरी चालती."

म्हणून ही बादली आज दाराबाहेर आहे. हिवाळ्याच्या सकाळी मी आणि मित्र गच्चीवर तिच्याशी बसतो. वाऱ्याच्या बाजूला जुना पत्रा उभा करतो, हातभर दूर. आंघोळीचं पाणी तापतं, चहा होतो, आणि राखेत खुपसलेलं एखादं रताळं अण्णांच्या गाड्यावरच्यासारखं भाजून निघतं. मित्र तहांची कलमं म्हणतो. आता तो अडखळत नाही, आणि अडखळला तरी मी उठून जात नाही.

रात्री आम्ही बादली बाहेरच ठेवतो. दार लोटतो, आणि फटीत विटेचा एक तुकडा ठेवतो. वारा आत येतो, थंडी वाजते. मित्र गोधडीतून डोकं काढून कुरकुरतो. मी त्याला म्हणतो, येऊ दे.